शहाळं आत जाईल, तुम्ही नाही

१० नोव्हेंबर. दिवाळीचे पाहुणे गेले, फराळाचे डबे घासून पालथे घातले, आणि आज औषधांचा डबा आवरायला काढला आहे. थंडी पडली की आमच्या घरात तापाचा पहिला मानकरी डिसेंबरात ठरतो. त्याआधी हे उरकायचं असतं. पॅरासिटामॉलची पट्टी आहे, तारीख मार्चपर्यंतची. खोकल्याच्या औषधाचं झाकण चिकटून बसलं होतं; बाटली फेकली. अँटिबायोटिकच्या दोन अर्धवट पट्ट्या निघाल्या, कुणाच्या, कधीच्या, कुणालाच आठवेना, त्याही फेकल्या. थर्मामीटरला नवा सेल घातला. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे हातरुमाल कापले. घरात चार माणसं, माणशी सहा रुमाल. सासूबाईंना नेऊन फ्लूची लस टोचून आणली, त्याला तीन आठवडे झाले.

यातलं एकही काम मला माहेरी किंवा सासरी कुणी शिकवलेलं नाही. सगळं पगारे मॅडमनी शिकवलं. त्या जानेवारीत गेल्या, फ्लूनेच. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये त्यांच्या भाचीने, प्राजक्ताने, मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. दहा महिने झाले. औषधांचा डबा निमित्त आहे. लिहायला बसले ती त्या उत्तरासाठी.

पगारे मॅडम आमच्या समोरच्या दारात राहायच्या. पाथर्डी फाट्याजवळची आमची सोसायटी लहान आहे, तीन मजले, बारा घरं. हरसूलच्या मुलींच्या वसतिगृहात त्या गृहपाल होत्या, तिथून निवृत्त होऊन इथे आल्या. लग्न केलेलं नव्हतं. बुटक्या, काटक, कांजी केलेली सुती साडी, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. नाडी मोजताना बरं पडतं म्हणायच्या. शिक्षण नर्सिंगचं नव्हतं, पण चाळीस मुली एका हॉलमध्ये वीस वर्षं सांभाळल्यावर ताप कसा चालत येतो हे त्यांना डॉक्टरइतकंच कळत होतं. "ताप हवेतनं येत नाही, वंदना. माणसाबरोबर येतो. चपला काढून, नमस्कार करून, आत येऊन बसतो."

दरवर्षी दिवाळी संपली की त्या घरोघर जायच्या. बोलावणं लागत नसे. पाणी नको, चहा नको, थेट "औषधांचा डबा दाखवा." कुणाच्या डब्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिसल्या की विचारायच्या, "या कुणी दिल्या? मेडिकलवाल्याने? मग त्यालाच गिळायला सांगा." घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आहे का बघायच्या. आजारी माणसाला कुठली खोली देणार ते आधीच ठरवून घ्यायच्या. वरच्या एका बाईंनी सांगितलं, "आमच्याकडे खोली एकच आहे, मॅडम." तर त्यांनी फीत काढून पलंग मोजला, खिडकीपाशी ओढून घेतला आणि मधे चादर कशी बांधायची ते दाखवलं. काढ्याला त्या हसत नसत. "प्या की. घसा शेकतो. पण लस घेतली नसेल तर मला काढ्याच्या गोष्टी सांगू नका." मग एक दिवस ठरवून सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दोन रिक्षांतून लस टोचायला न्यायच्या. परत येताना रिक्षात सगळ्यांचे दंड बघायच्या, पोरींचे बघावेत तसे.

माझ्या सासूबाई मखमलाबादच्या, मळ्यातल्या. आयुष्यभर झेंडू आणि शेवंती बाजारात नेऊन विकलेली बाई. कुणाचं ऐकत नाहीत. पण पगारे मॅडमच्या रिक्षात निमूट बसायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, "लय शिकलेली बाई हाय. पण आपल्यातली नाय."

हे आमच्या घरात असं सरळ बोललं जायचं. मी ऐकून घेत असे. मी स्वतः मॅडमकडे चहा प्यायचे, म्हणजे आपला प्रश्न सुटला, अशी माझी समजूत होती.

आमच्याकडची मोठी रीत म्हणजे आजाऱ्याला बघायला जाणं. कुणी पडलं की मखमलाबादहून, सिन्नरहून, कुठून कुठून माणसं येतात. बिस्किटचा पुडा, शहाळं, मोसंबी. पलंगाच्या कडेला बसतात, कपाळाला हात लावतात, चहा होतो, दुसरी बॅच येते. न जाणं म्हणजे कायमचं वैर. दुसऱ्या मजल्यावरचे देशमुख आजोबा तापाने पडले तेव्हा असंच सुरू झालं. मॅडम खुर्ची घेऊन त्यांच्या दाराबाहेर जाऊन बसल्या. देशमुखांचे व्याही चार माणसं आणि पाच शहाळी घेऊन जिना चढून आले.

"बघायला आलोय," व्याही म्हणाले.

"काय बघणार? ताप दिसत नाही."

"अहो, लांबून आलोय आम्ही."

"म्हणून शहाळं आत जाईल, तुम्ही नाही."

व्याह्यांचा चेहरा पडला. त्यांच्या बाईंनी जाता जाता जिन्यातच सुनावलं, "आम्हाला दारात उभं करणारी ही कोण?" मॅडमना ते ऐकू गेलं. त्या फक्त घड्याळाकडे बघत बसल्या. देशमुख आजोबा आठवड्याने उठले, आणि त्यांच्या घरात दुसरं कुणी पडलं नाही. पण त्या व्याह्यांनी देशमुखांकडे दोन वर्षं पाऊल टाकलं नाही, आणि देशमुखकाकूंनी त्याचा राग मॅडमवर धरला. आजोबांसाठी नेलेलं मॅडमचं ऑक्सिमीटर त्यांनी परत दिलं नाही, मॅडमनी मागितलं नाही.

मी एकदा म्हटलं, "थोडं गोड बोलून सांगितलं असतं तर?"

"गोड बोलून पाहिलंय," त्या म्हणाल्या, आणि हरसूलची गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली. वसतिगृहातल्या एका मुलीला ताप आला. तिचा बाप डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत आला, बरोबर काका, आजी, दोन भावंडं. थंडीचे दिवस, संध्याकाळ झालेली. "बाई, पोरीला बघू द्या, रातभर बसू," म्हणाला. मॅडमना दया आली. सगळी हॉलमध्येच झोपली. काकाला आधीच खोकला होता. आठ दिवसांत अर्धा हॉल आडवा झाला. तापाची पहिली मुलगी बरी झाली. तिच्या शेजारच्या गादीवरची, पाचवीतली, तिला कुणी बघायलाही आलेलं नव्हतं, ती गेली. तिच्या घरी सांगायला मॅडम स्वतः जीपने गेल्या.

त्यानंतर नियम झाले. वसतिगृहात केले तेच त्यांनी आमच्या सोसायटीत आणले. आजाऱ्याच्या दाराबाहेर स्टूल. डबा स्टुलावर ठेवायचा, दारावर दोनदा टकटक करायची आणि मागे व्हायचं. आतल्याने डबा घ्यायचा, रिकामा झाला की धुऊन स्टुलावर ठेवायचा. विचारपूस फोनवर. फोनवर आजाऱ्याला पूर्ण वाक्य बोलायला लावायचं. वाक्य मधे तुटलं, दम लागला, तर थेट दवाखाना. करोनात हेच सगळ्या जगाने केलं तेव्हा सोसायटीत मॅडमची फार वाहवा झाली. करोना ओसरला, वाहवाही ओसरली.

मला त्या स्टुलाचं नेहमी अवघड वाटायचं. बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "बाहेर उभं राहायची सवय मला लहानपणापासून आहे, वंदना. विहिरीवर, देवळापाशी, लोकांच्या ओट्याखाली. आता एवढाच फरक, कुणी कुठे उभं राहायचं ते मी सांगते." आणि हसल्या. त्यांना हसताना पाहिलेल्या मोजक्या वेळांपैकी ती एक.

माझा डबा त्यांच्याकडून कधी रिकामा येत नसे. वसतिगृहातली एक जुनी मुलगी दिंडोरीकडे द्राक्षबागवाल्यांच्या घरी दिली होती, ती दरवर्षी बेदाणे पाठवायची. डब्यात मूठभर बेदाणे घातलेले असायचे. सासूबाई ते बाल्कनीत चिमण्यांना घालत. मी कधी अडवलं नाही. एकदा मॅडम जिन्यात भेटल्या आणि तोंडावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "सासूबाईंच्या चिमण्या बऱ्या आहेत ना? थंडीत त्यांना जपायला हवं." मला कुठे तोंड लपवू असं झालं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता माझ्या काय हातात हाय? माझ्या सासूनं शिकवलं ते." दुसऱ्या दिवशीही चिमण्यांची चंगळ झाली.

जानेवारीत एका सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. "ताप आहे. डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या घेतल्यात. पाच दिवस मी घरात. स्टूल ठेवलंय. यायचं नाही."

त्यांनी लस घेतली होती. लस घेतली म्हणजे फ्लू होतच नाही असं नाही, जोर कमी होतो एवढंच, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. पण त्यांना मधुमेह होता आणि वय सदुसष्ट. हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घराची किल्लीही माझ्याकडे होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार. सकाळ-संध्याकाळ डबा ठेवला, टकटक केली, मागे झाले. दार उघडायचं, मास्क लावलेला चेहरा दिसायचा, हात दिसायचा, दार बंद. डबा धुतलेला परत यायचा, आत बेदाणे. आपल्याकडे धुतलेला डबा आला की माणूस जेवलं असं आपण समजतो. मी तेच समजले. मंगळवारपासून त्यांनी फोनवर बोलणं बंद केलं आणि मेसेज सुरू केले. "बरी आहे." "ताप १००." "बरी आहे." मेसेज टाइप करायचा त्यांना मनस्वी कंटाळा, दोन ओळींसाठी त्या फोन लावायच्या. मेसेजमध्ये दम लागलेला ऐकू येत नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. नव्हतं आलं असं म्हणणार नाही. कॉलेजच्या ऑफिसात परीक्षा अर्जांची शेवटची तारीख होती, मी आठ-आठला घरी येत होते, आणि "बरी आहे" हे दोन शब्द मला सोयीचे होते.

बुधवारी मी जरा लवकर आले. साडेसातला डबा ठेवला, टकटक केली, मागे वळले. दार किलकिलं झालं आणि आतून आवाज आला.

"वंदना, जरा थांबतेस का?"

मी वळले. त्या दाराच्या फटीत उभ्या होत्या, चौकटीला धरून. जिन्यातला दिवा गेलेला, चेहरा नीट दिसत नव्हता. माझ्या घरात कुकर लावायचा होता. मी हसून म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना मॅडम, थांबायचं नाही. नियम म्हणजे नियम."

दार लागलं. कडीचा आवाज आला नाही, हे मला नंतर आठवलं.

मी थट्टा केली होती, एवढंच, असं मी स्वतःला बरेच महिने सांगितलं. ते खरं नाही. थट्टेत वचपा होता. सहा वर्षं त्या आम्हाला सगळ्यांना दारात उभं करत आल्या होत्या, चिमण्यांवरून मला खाली बघायला लावलं होतं. एकदा त्यांचंच वाक्य त्यांच्या हातात ठेवताना मला बरं वाटलं. तेवढंच. पाच सेकंदांचं बरं वाटणं.

गुरुवारी सकाळी कालचा डबा स्टुलावर तसाच होता, भरलेला. मी घरात येऊन सासूबाईंना म्हटलं, "मॅडमनी डबा घेतलेला नाही. आत जाऊन बघते."

"तिनंच सांगितलंय ना, येऊ नका म्हणून? मग? भूक नसंल. तुला झालं म्हंजी घर कोण बघंल?"

सासूबाईंना दोष देऊन मला सुटायचं नाही. त्या काही माझ्या हातातली किल्ली हिसकावून घेत नव्हत्या. मी मेसेज केला, "कशा आहात?" वीस मिनिटांनी उत्तर आलं, "बरी". "आहे" नव्हतं. मी ऑफिसला गेले. साडेअकराला अर्ज तपासता तपासता उठले, साहेबांना सांगितलं आणि रिक्षाने घरी आले.

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. किल्लीने दार उघडलं. मॅडम खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, खिडकी उघडी, अंगात स्वेटर, ओठ जांभळट. दाराजवळ प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, गाठी मारून, घंटागाडीत टाकायला ओळीने ठेवलेल्या. मी दिलेली पोळी-भाजी होती त्यांत, सगळी. अन्न पोटात जात नव्हतं, पण डबा घासून, बेदाणे घालून परत करायला त्या उठत होत्या.

मला पाहून त्यांनी हात वर केला. "आधी," म्हणाल्या, श्वास घेतला, "मास्क."

देशमुखांच्या मुलाने आणि वॉचमनने त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. जिन्यात सगळ्यांची दारं अर्धी उघडी होती. कुणी बाहेर आलं नाही. कुणाला नावं ठेवणार? शिकवण पक्की झाली होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "एवढी काळजी घेऊन यांनाच कसं काय झालं?" त्या आवाजात जे होतं ते मला ओळखू आलं, कारण आदल्या संध्याकाळी ते माझ्याही आवाजात होतं.

रिक्षात त्या माझ्या शेजारी होत्या. डोळे उघडे, समोर. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघितली, काहीतरी बोलतील, रागावतील. त्यांनी माझ्या हनुवटीकडे बोट केलं. मास्क खाली घसरला होता. मी तो वर ओढेपर्यंत स्ट्रेचर आत गेलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. नंतर काचेतून दिसल्या त्या मॅडम नव्हत्या, नळ्या होत्या. शनिवारी पहाटे त्या गेल्या.

शुक्रवारी घोटीहून प्राजक्ता आली होती. तिथल्या शाळेत शिकवते. पॅसेजमध्ये बाकावर बसून तिने विचारलं, "काकू, आत्याने तुम्हाला आत बोलावलं नव्हतं का? एकदाही? थांबा, या, असं काही?"

"नाही गं," मी म्हटलं. "बरी आहे म्हणत होत्या."

"तिचा स्वभावच तसा," ती म्हणाली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी मॅडमच्या घरी लोक आले. सगळी सोसायटी, हरसूलच्या जुन्या मुली, देशमुखांचे ते व्याहीसुद्धा. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, निम्मे खोकत होते. देशमुखकाकू म्हणाल्या, "कडक होत्या, पण मनाच्या चांगल्या." सासूबाई पहिल्यांदाच त्या घरात गेल्या. कोपऱ्यात बसल्या, कुणीतरी पाणी आणलं, ते प्यायल्या. मी बघत होते. मला त्यांचा राग आला, आणि पाणी प्यायल्या नसत्या तरी आला असता.

प्राजक्ताने पुढे घर विकलं. मधे दोनदा तिचा फोन आला. दुसऱ्यांदा म्हणाली, "मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं, काकू. हट्टापायी तिने कुणाला हाकसुद्धा मारली नाही." मी "हं" म्हटलं. म्हणजे माझ्या खोट्यावर ती पोर आपल्या आत्याला हट्टी ठरवून बसली आहे. शेवटी नियम मोडून त्यांनी एका माणसाला थांब म्हटलं होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नाही.

औषधांचा डबा आवरून झाला. रुमाल धुवायला टाकले. हे इथवर लिहून झोपते.

११ नोव्हेंबर. सकाळी पावणेसातला, शाळेत निघायच्या आधी सापडेल म्हणून, प्राजक्ताला फोन केला. आधी सांगितलं की मधे बोलू नकोस, मला एका दमात सांगू दे. जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी काय म्हटलं, मी काय म्हटलं, कुकरचंही सांगितलं. आत्याने हाक मारली होती, मी गेले नाही, असं म्हटलं.

तिच्या मागे बस स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेसात. बुधवारी संध्याकाळी."

"साडेसातला मीपण तिला फोन लावला होता," ती म्हणाली. "तिने कट केला. मला वाटलं, झोपली असेल. परत लावला नाही."

मग म्हणाली, "बस आली, काकू," आणि फोन ठेवला. इकडे दूध उतू जायला लागलं, गॅस बंद केला.